बॉनेटखालच्या पट्टीवरचं नाव: वालचंद हिराचंद यांची गोष्ट

आज नवीन फोनचा रिव्ह्यू नाही आणि अॅपची माहितीही नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. पण सुरुवात फोनच्या कॅमेऱ्यापासूनच करू, कारण मला ही गोष्ट तिथूनच सापडली.

माझ्या मोठ्या बाबांकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. रंग फिकट निळा, क्रोमचं बंपर आरशासारखं चकाकतं, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात माणसं वितळतात, पण ही गाडी कधी उन्हात उभी राहिलेली मी पाहिली नाही. मागच्या हिवाळ्यात तिच्यातून आम्ही मार्कंड्याला गेलो. चंद्रपूर, मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली आणि पुढे चामोर्शी. मुंबईचे मित्र मरीन ड्राइव्हवर समुद्राशेजारी जुन्या गाड्या उभ्या करून रील बनवतात. आमच्याकडे समुद्र नाही, पण वैनगंगा आहे. मार्कंड्याला नदीकाठी संध्याकाळचं ऊन पडलेलं होतं. म्हटलं, आपलीही एक रील होऊन जाऊ दे.

पहिले पाच-सहा फोटो बिघडले. कारण साधं होतं. फोनची वाइड लेन्स जवळून वापरली की जवळची वस्तू फुगते, त्यामुळे पद्मिनीचं बॉनेट भोपळ्यासारखं दिसत होतं. मग दहा पावलं मागे गेलो, झूम २एक्सवर ठेवला आणि गुडघ्यावर बसून हेडलाइटच्या उंचीवरून फोटो काढला. सूर्य पाठीशी घेतला की क्रोममध्ये आपलीच सावली दिसते, म्हणून थोडा तिरका उभा राहिलो. आता गाडी गाडीसारखी दिसली.

मग सवयीप्रमाणे फोनमधल्या फोटो ओळखणाऱ्या फीचरला विचारलं, ही कोणती गाडी? उत्तर आलं: फियाट ११००, इटालियन कार.

मोठ्या बाबांना स्क्रीन दाखवली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं, आतली धातूची छोटी पट्टी रुमालाने पुसली आणि बोट ठेवलं. पट्टीवर कंपनीचं नाव होतं, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, आणि गाव होतं बॉम्बे.

फोन चुकला का? अर्धाच. फोटो ओळखणारी सिस्टीम तुमच्या फोटोचं रूपांतर आकड्यांच्या एका लांबलचक यादीत करते. वळणं, कडा, जाळीचा आकार, दिव्यांची जागा, हे सगळं त्या आकड्यांमध्ये उतरतं. मग अशीच यादी असलेले फोटो शोधून त्यांच्यावर लोकांनी काय नाव लिहिलंय ते ती आपल्याला सांगते. म्हणजे तिला आकार कळतो. तो आकार इटलीचाच होता. पण ती गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात का बनली आणि ती बनावी म्हणून कोणी किती वर्षं दारं ठोठावली, हे आकारात दिसत नाही. ते मी घरी येऊन वाचलं.

सोलापूरचा मुलगा, रेल्वेचा ठेकेदार

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं सौराष्ट्रातलं, गुजराती बोलणारं जैन कुटुंब. सोलापुरात सावकारी आणि कापसाचा व्यापार चालायचा. वालचंद लहान असतानाच आई वारली. शाळा सोलापुरात झाली, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. पण डिग्री पूर्ण झाली नाही. घरच्या धंद्यात यावं लागलं.

गंमत अशी की ज्या माणसाच्या नावाने आज सांगलीत आणि सोलापुरात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, त्याच्याकडे स्वतःची इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. माझ्यासारख्या चार वर्षं सबमिशन लिहिलेल्यांनी यावर जरा विचार करावा!

घरच्या धंद्यात वालचंद यांचं मन रमेना. व्याजावर पैसे देणं आणि गाठी विकत घेऊन विकणं यात नवीन काही तयार होत नाही, ही त्यांची अडचण होती. तेव्हा त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक रेल्वेत कारकून होते. कामाची निविदा कशी भरतात, मोजमाप कसं होतं, साहेब कुठे अडवतो, हे त्यांना आतून ठाऊक होतं. वालचंद यांच्याकडे भांडवल आणि धाडस होतं. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या पट्ट्याचं काम घेतलं. आजच्या भाषेत सांगायचं तर एक फाउंडर डोमेन जाणणारा आणि दुसरा पैसा उभा करणारा. स्टार्टअपचा हा फॉर्म्युला आपल्याला वाटतो तेवढा नवा नाही.

तिथून कामं वाढत गेली. मुंबई-पुणे मार्गावर भोर घाटात रेल्वेचे बोगदे खणले. तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणाऱ्या जलवाहिनीचं काम केलं. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली, जिला आज आपण एचसीसी म्हणतो. पुण्याला जाताना घाटातल्या बोगद्यात तुमचं नेटवर्क जातं, तेव्हा या माणसाची आठवण काढायला हरकत नाही.

समुद्रावर जायची परवानगी कोणाची?

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा भारताचा जवळजवळ सगळा सागरी व्यापार ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होता. कापूस आपला, बंदर आपलं, हमाल आपले, पण जहाज त्यांचं आणि भाडंही तेच ठरवणार. याच काळात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धात रुग्णालय-जहाज म्हणून दिलेलं एक जहाज विकायला निघालं. त्याचं नाव लॉयल्टी. मूळचं ते कॅनडियन पॅसिफिक कंपनीचं, एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचं, म्हणजे तेव्हाच जुनं झालेलं. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर व्यापाऱ्यांना सोबत घेऊन ते विकत घेतलं. मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. वालचंद स्वतः त्या जहाजावर होते. म्हणूनच ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे.

इथे शाळेच्या पुस्तकातला धडा संपतो, पण हिशेब संपत नाही. धंदा म्हणून लॉयल्टी तोट्यातच गेलं. थोड्याच वर्षांत ते मोडीत निघालं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी इतकी खाली पाडली की नवी कंपनी श्वास घेईना. एखादी मोठी कंपनी नव्या अॅपला बुडवण्यासाठी सहा महिने सगळं फुकट वाटते ना, तोच प्रकार. शेवटी १९२३ मध्ये सिंदियाला एक करार करावा लागला. त्यानुसार दहा वर्षं त्यांची जहाजं भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यावरच फिरू शकणार होती. लंडनला जाऊन आलेल्या कंपनीला किनाऱ्याला बांधून ठेवलं गेलं.

हा करार वालचंद यांना बोचत राहिला. पण त्यातून ते एक गोष्ट शिकले असावेत असं त्यांची पुढची वाटचाल पाहून वाटतं. दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकत घेऊन चालवली, तर नियमही तो दुसराच बनवतो. वस्तू स्वतः बनवायला हवी.

साखर, जहाज, विमान

पुढची वीस वर्षं वाचताना दम लागतो. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला माळरान घेऊन ऊस लावला, मग साखर कारखाना काढला. हो, तेच रावळगाव. आपल्या आईबाबांनी शाळेत असताना खाल्लेली पान पसंदची गोळी या रावळगावचीच. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ दुसरा साखर कारखाना आणि त्याच्याभोवती गाव उभं राहिलं, ते वालचंदनगर. या वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे इस्रोच्या रॉकेटसाठीचे भाग बनले.

१९३९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. प्रवासात सहज सुरू झालेल्या गप्पांतून कल्पना निघाली की असा कारखाना भारतात का नको? डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली आणि १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं प्रशिक्षण विमान उडालं. हीच आजची एचएएल, तेजस बनवणारी. त्याच १९४१ सालच्या जून महिन्यात विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली.

पण विमान कारखाना वालचंद यांच्या हातात राहिला नाही. जपानी सैन्य जवळ आलं आणि १९४२ मध्ये सरकारने त्याचा ताबा घेतला. जहाज कारखानाही स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी सरकारकडे गेला. सुरुवात यांनी करायची आणि पुढचं दुसऱ्याने, असं त्यांच्या आयुष्यात वारंवार झालं.

आता गाडीची गोष्ट

तेव्हा भारतात गाड्या नव्हत्या का? होत्या. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. फोर्डही जोडत होती. लाकडी खोक्यांमधून सुटे भाग बोटीने यायचे, इथे बोल्ट आवळले जायचे आणि गाडी शोरूमला जायची.

इथे एक टेक्निकल फरक समजून घेऊ. जोडणी म्हणजे असेंब्ली आणि निर्मिती म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग. जोडणीत इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल असे सगळे अवघड भाग बाहेरून येतात. आपल्याकडे स्क्रू आवळणं, रंग आणि टायर. निर्मितीत तुम्हाला धातू ओतावा लागतो, क्रँकशाफ्ट घडवावी लागते, केसाएवढ्या फरकाने सिलिंडर घासावा लागतो. त्यासाठी हत्यारं बनवणारी हत्यारं लागतात, आणि शेकडो छोटे पुरवठादार लागतात. जोडणीचा कारखाना वर्षभरात उभा राहतो. निर्मितीला पिढी जाते.

वालचंद यांना निर्मिती हवी होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हेही याच ध्यासाने झपाटले होते. १९३० च्या दशकात त्यांनी परदेशात फिरून मोटार कारखान्याची योजना तयार केली होती, आणि वालचंद त्यांच्यासोबत उभे राहिले. मुंबई प्रांतातलं काँग्रेस सरकार मदतीला तयार होतं, पण १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावरून त्या सरकारने राजीनामा दिला आणि फाइल थांबली. अमेरिकेत फोर्डशी बोलणी झाली, जमलं नाही. मग क्रायस्लरशी करार झाला. म्हैसूर संस्थानही तयार होतं. आता फक्त दिल्लीच्या सरकारने हा कारखाना युद्धोपयोगी आहे असं मान्य करायला हवं होतं, म्हणजे परदेशातून यंत्रं मागवता आली असती. सरकारने मान्य केलं नाही. युद्धासाठी हजारो ट्रक लागत होते, तरीही नाही.

विचार करा मित्रांनो, पैसा तयार, जागा तयार, अमेरिकन भागीदार तयार, आणि एका परवानगीसाठी वर्षामागून वर्ष जातंय. या माणसाचं वय तेव्हा साठीच्या घरात होतं.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९४७ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, तिथून क्रायस्लरच्या बनावटीची वाहनं बाहेर पडू लागली: डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गोचे ट्रक. सुरुवात जोडणीनेच झाली. पण हळूहळू एकेक भाग इथे बनवायचा, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं.

१४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमला जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं. त्याच्या पुढच्या वर्षी वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. शेवटची वर्षं पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

याच १९५३ मध्ये सरकारने मोटार उद्योगाबद्दल निर्णय घेतला की ज्यांच्याकडे निर्मितीचा कार्यक्रम आहे त्यांनीच इथे राहावं. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातलं काम बंद केलं. प्रीमियर राहिली. वालचंद इतकी वर्षं जे मागत होते, ते धोरण त्यांच्या मृत्यूच्या वर्षी आलं.

आणि फियाट ११००? इटलीत तिचं ते गाजलेलं नवं मॉडेल १९५३ मध्येच आलं. कुर्ल्यात ती १९५४ पासून तयार होऊ लागली. म्हणजे जी गाडी पुढे मुंबईची काळी-पिवळी झाली, लग्नात फुलांनी सजली, हजारो मध्यमवर्गीय घरांची पहिली गाडी ठरली, ती कुर्ल्याच्या गेटमधून बाहेर पडताना वालचंद यांनी पाहिलीच नाही.

पुढे काय झालं?

फियाटबरोबरचा करार संपल्यावर गाडीवरून फियाटचं नाव गेलं आणि १९७४ पासून ती चितोडच्या राणीच्या नावाने प्रीमियर पद्मिनी झाली. तोपर्यंत तिचे जवळजवळ सगळे भाग देशात बनू लागले होते. १०८९ सीसीचं इंजिन, साधारण ४० हॉर्सपॉवर. आज ऐकून हसू येईल, पण हे इंजिन इथल्या कामगारांनी घडवलेलं होतं. कुठल्याही गावातला मेकॅनिक ते उघडून परत बसवू शकत होता. आमची पद्मिनी आजही मूलमधल्या एका गॅरेजात दुरुस्त होते, लॅपटॉप न जोडता.

फक्त कौतुक केलं तर गोष्ट अपुरी राहील. स्पर्धा नव्हती, परवान्यांचं राज्य होतं, त्यामुळे पद्मिनी वर्षानुवर्षं जवळपास तशीच राहिली. गाडी बुक करून लोक वर्षं मोजत बसायचे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि लोकांनी तिकडे धाव घेतली. २००० च्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेल्या. बनवायला शिकणं आणि बनवत असताना सुधारत राहणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं वालचंद यांच्या पिढीने केलं. दुसऱ्यात पुढचे लोक कमी पडले.

आता तुमचा फोन उलटा करून पाहा. पाठीवर किंवा खोक्यावर बहुतेक मेड इन इंडिया लिहिलेलं असेल. ते खोटं नाही, हजारो लोकांना त्यातून काम मिळालंय. पण आतल्या चिप आणि डिस्प्ले यांच्यासारखे बरेच महागडे भाग अजून बाहेरूनच येतात. म्हणजे आपण फोनच्या बाबतीत साधारण १९४७ च्या कुर्ल्यात उभे आहोत. जोडणी जमली आहे, निर्मितीकडे जायचं आहे. त्या दिवशी परतताना चामोर्शीच्या रस्त्यावर सुरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक एकामागोमाग एक जात होते. आमची गाडी धुळीत बाजूला थांबवून मोठ्या बाबांनी ते सगळे जाऊ दिले. दगड इथला आहे, त्याचं इंजिन कुठे घडेल, हा प्रश्न वालचंद यांच्या काळात होता आणि अजूनही संपलेला नाही.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या घरी, शेजारी, गावातल्या एखाद्या गॅरेजात जपून ठेवलेली जुनी गाडी, स्कूटर, रेडिओ, शिवणयंत्र काहीही असेल, तर त्याचा फोटो काढाल तेव्हा एक फोटो त्याच्यावरच्या धातूच्या पट्टीचाही काढा. कंपनी, गाव, नंबर नीट वाचता येईल असा, फ्लॅश बंद करून, थोड्या तिरक्या उजेडात. गॅलरीत त्या फोटोच्या डिटेल्समध्ये जाऊन कॅप्शन लिहा: वस्तू कोणाची, कधी घेतली, कुठे बनली. फोटो शेअर करताना गाडीचा नंबर मात्र झाका. फोटो ओळखणारी सिस्टीम लोकांनी लिहिलेल्या नावांवरूनच शिकते. आपण लिहिलं नाही, तर तिला आपल्याबद्दल कळणार कुठून?

मार्कंड्याच्या त्या फोटोचं कॅप्शन मी बदललंय. आता तिथे लिहिलंय: प्रीमियर पद्मिनी, १९७८, कुर्ला, मुंबई. मोठ्या बाबांना पाठवलं, तर त्यांनी फोन करून एक दुरुस्ती सांगितली. गाडीच्या मालकाचं नावही टाक म्हणाले.